बंद नाही, बसलाय

चित्रकाराला लोक दोन प्रश्न विचारतात. एक, "यावर पोट चालतं का?" आणि दुसरा, "तुमची प्रेरणा काय?" पहिल्याचं मी खरंखरं उत्तर देतो, म्हणजे गप्प बसतो. पंचाईत होते ती दुसऱ्याने. माझे कोकणातले चित्रकार मित्र या प्रश्नाची वाटच बघत असतात. विचारायचा अवकाश, की माड, चिरा, पागोळ्या, परसातली विहीर आणि आजीचं नऊवारी हे सगळं ते भराभर बाहेर काढतात. देशावरच्यांकडे जेजुरीचा भंडारा असतो, विदर्भातल्यांकडे पळस असतो. माझा जन्म भिवंडीचा. भिवंडीच्या माणसाने प्रेरणा आणायची कुठून? आमच्याकडे मातीला गंध सुटण्याआधी हवेतला कापूस नाकात गेलेला असतो, आणि समुद्राची गाज म्हणावी तर लूमचा खडखडाट.

त्यात मी काढतो रोबो. पत्र्याचे, चौकोनी डोक्याचे, छातीवर बटणं असलेले, जुन्या वळणाचे रोबो. पुण्याच्या एका बाई प्रदर्शनात म्हणाल्या, "अय्या, भिवंडीत चित्रकार असतात?" त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ते सोड, भिवंडीत रोबो असतात का?" मी दोघांनाही "असतात" एवढंच सांगितलं. खुलासा करायला तिथे वेळ नव्हता. इथे आहे.

बहुतेक लोकांनी भिवंडी पाहिलेली असते ती नाशिकला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकून. म्हणजे तशी बराच वेळ पाहिलेली असते. पण उजवी-डावीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चालतं ते गाडीच्या काचेतून दिसत नाही. तिथे माग चालतात. किती, तर मोजदाद लाखांतच करावी लागते. आधी उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, मग तेलंगणातले पद्मशाली, मग यूपी-बिहारची माणसं अशी ही वस्ती थरावर थर चढत गेली. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंचसं काम आमच्या गल्ल्यांमधून निघू लागलं. गिरणगावाचे भोंगे थांबले, आमच्याकडची खडखड दुप्पट झाली. मी तेव्हा लहान होतो आणि मला वाटायचं, जगात सगळीकडे रात्री असाच आवाज येत असणार. पहिल्यांदा मामाच्या गावाला, जुन्नरकडे, मुक्कामाला गेलो तेव्हा मी रात्रभर टक्क जागा होतो. आजी विचारत होती, "काय रे, काही चावतंय का?" कसं सांगणार तिला, की काहीच वाजत नाहीये.

लूमच्या आवाजात वाढलेल्या माणसांच्या सवयी वेगळ्या असतात. आम्ही हळू बोलूच शकत नाही. माझ्या आत्याने गुपित सांगितलं की ते कामतघरपासून धामणकर नाक्यापर्यंत जायचं. शेडमध्ये तर ओरडूनही भागत नाही, तिथे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणं चालतं. माझे बाबा सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगमध्ये कारकून होते. ते घरी आल्यावरही चहा हवा असला की दोन बोटं तोंडाकडे न्यायचे. आईने पंचवीस वर्षं त्याला "तोंड आहे ना?" हेच उत्तर दिलं, तेही ओरडून.

बाबांचा डबा घेऊन मी जायचो तो वाटेतल्या एका कारखान्यात शिरून. माझी कला तिथे सुरू झाली असं आता म्हणायला हरकत नाही. माग बघावा तर भयंकर जिवंत. धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतोय, पिकर त्याला इकडून तिकडे धाडतोय, फणी दणादण ठोकतेय. मध्येच तार तुटली की माग रुसतो. कधी तेल मागतो, कधी विनाकारण अडून बसतो. मग जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, येतो, त्याला दोन शिव्या घालतो, पान्याने कुठेतरी काहीतरी पिळतो, की स्वारी पुन्हा सुरू. आणि त्या मागापुढे उभा असलेला माणूस? तो रुसत नाही, अडत नाही, काही मागत नाही. बारा तासांची पाळी, चार नाहीतर सहा माग एकट्याकडे. तुटलेली तार दिसली की हात आपोआप जातो, गाठ मारतो, परत येतो. डोळे उघडे, पण आत कोणी असल्याची खूण नाही. यातला जिवंत कोण आणि यंत्र कोण हे मला कळायचं नाही. एकदा मी बाबांना विचारलंही. ते म्हणाले, "पगार ज्याला मिळतो तो माणूस." व्याख्या चांगली होती. महिनाअखेरीला जरा डळमळायची एवढंच.

भिवंडीच्या पोरांना खेळणी विकत घ्यावी लागत नसत. सुताचे रिकामे झालेले पुठ्ठ्याचे कोन गल्लीत पडलेले असायचे, मोडक्या कांड्या असायच्या, चिंध्यांना तर तोटाच नव्हता. दोन कोन उलटे ठेवले की पाय. कांड्यांचे हात. छातीला काड्यापेटी, डोक्याला दंतमंजनाचा डबा, आणि डोळ्यांना आईच्या टिकल्या. माझ्या सगळ्या रोबोंचे डोळे त्यामुळे लालभडक असत आणि हळदीकुंकवाच्या दिवशी आईचेही. आज माझ्या चित्रांत रोबोचे डोळे लाल का, यावर एका समीक्षकाने "रक्तवर्णी यंत्रदृष्टी" असं काहीसं लिहिलं आहे. टिकलीचं पाकीट मी त्यांना दाखवलेलं नाही.

दिवाळीत किल्ला केला की त्याच्या महादरवाजावर मी रोबो उभा करायचो. आजोबांना ते अजिबात खपायचं नाही. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आजोबा. १६५७मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली हे ते अशा सुरात सांगत, जणू सातबाऱ्यावर त्यांचंही नाव चढलं होतं.

"काढ तो डबा. महाराजांच्या काळात रोबो नव्हते."

"मग हे हिरवे मशीनगनवाले होते का, आजोबा?"

आजोबांनी किल्ल्याकडे नीट पाहिलं. दरीत प्लास्टिकचा हत्ती होता, तळ्यात बदक होतं, बुरुजावर मशीनगनवाल्यांची तुकडी पालथी पडून नेम धरून होती, आणि बालेकिल्ल्यापाशी एक मारुती गाडी उभी होती. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेव. पण त्याच्या डोक्याला फेटा बांध." त्या दिवसापासून माझ्या एका तरी रोबोला फेटा असतोच.

खरा रोबो पाहिला तो दूरदर्शनवर. 'जायंट रोबोट' नावाची जपानी मालिका लागायची. मूळची १९६७ची, आमच्यापर्यंत ऐंशीच्या दशकात पोचलेली. एक पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि इजिप्तच्या राजासारख्या डोक्याचा एक उंचच्या उंच रोबो उडत येऊन राक्षसांना लोळवतो, एवढीच गोष्ट. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरात होता. आम्ही दाराबाहेर चपलांच्या ढिगावर बसून पाहायचो. सगळ्या पोरांनी मनगटावर पेनाने घड्याळं काढून घेतली होती. माझ्या घड्याळाला पट्टा, चावी, काटे सगळं असायचं, म्हणून दुसऱ्यांचीही मीच काढायला लागलो. चित्रकलेची पहिली कमाई तीच. दर, एका घड्याळाला एक लिमलेटची गोळी.

मालिकेचा शेवटचा भाग आला. सगळ्यात मोठा राक्षस आला, रोबो झेपावला आणि लाइट गेली.

लाइट जाणं म्हणजे काय हे लूमच्या गावालाच ठाऊक. दुसऱ्या गावात अंधार होतो. आमच्याकडे एका क्षणात शेकडो माग गप्प होतात. झोपलेली पोरं दचकून उठायची, म्हातारी माणसं "काय झालं, काय झालं" करत बाहेर यायची. शेडमधली माणसं दारात येऊन विड्या पेटवायची आणि तेवढ्यात पहिल्यांदाच कळायचं, की यांना चेहरे आहेत. कोणी गाणं म्हणायचा, कोणी गावाकडची गोष्ट सांगायचा, कोणी नुसताच बाकड्यावर पाय पसरून बसायचा. लाइट आली की पुन्हा सगळे आत, सगळे चेहरे आत. त्या संध्याकाळी मला साक्षात्कार झाला, की रोबोसुद्धा आमच्या लूमच्याच लाइनवर चालत होता. माग थांबले, तोही थांबला. पुढे काय झालं असेल? माझ्या मते तो हवेतून खाली आला, कामतघरच्या वऱ्हाळा तलावाच्या काठावर टेकला आणि पाण्यात पाय सोडून बसला. दुसऱ्या दिवशी मी ते वहीत काढलं. बाबा म्हणाले, "गंजेल." मी पाय पाण्याच्या वर काढले. फार वर्षांनी, फोनवर सगळं मिळायला लागलं तेव्हा कळलं, की खऱ्या शेवटात रोबो त्या राक्षसाला घेऊन आकाशात जातो आणि बलिदान देतो. माझा शेवट मी बदललेला नाही. तो मला जास्त पटतो.

शाळेत मात्र रोबो नडला. महाराष्ट्रात चित्रकलेची वाट एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन घाटांतून जाते. त्यात एक पेपर असतो स्मरणचित्राचा. नाव ऐकून वाटेल, पोराने काहीतरी आठवून काढायचं. तसं काही नसतं. क्लासमध्ये चार विषय बसवून घेतात. भाजीबाजार, बसस्टॉप, नळावरच्या बायका आणि पतंग उडवणारी मुलं. पेपरात काहीही आलं तरी या चारांतलं एक वाकवून बसवायचं. 'दवाखान्यातील दृश्य' आलं तर भाजीवालीच्या गळ्यात स्टेथोस्कोप घालायचा. त्यामुळे भिवंडीच्या पोरांच्या स्मरणात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी आणि कौलारू घर हे ठासून भरलेलं, आणि ज्या शेडच्या भिंतीला टेकून वर्ग भरायचा ती शेड कोणाच्याच स्मरणात नाही. मी एकदा शेड काढली. चार माग, पुढे चार माणसं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी कागद हातभर लांब धरला.

"ही माणसं आहेत की गोदरेजची कपाटं?"

"सर, लूमवाले आहेत."

"हात असे काटकोनात का?"

"ते तसेच हलतात, सर."

सरांनी काही क्षण विचार केला. ते शांतिनगरहून चालत येत, वाटेत शेडच शेड. "हलतात तसेच," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि मला मोठ्याने सांगितलं, "परीक्षेत नळावरच्या बायका काढ." काढल्या. बी ग्रेड मिळाली. बायका बऱ्या होत्या, घागरी मात्र छातीवर बटणं असल्यागत दिसत होत्या.

पुढे कल्याणपर्यंत एसटी आणि तिथून लोकल असं करत मुंबईला कला शिकलो. तिथे कळलं की आपण वाटतो तेवढे वेडे नाही, आधीपासून परंपरा आहे. 'रोबो' हे नाव तर एका चित्रकाराच्याच तोंडून आलेलं. झेक लेखक कारेल चापेक १९२०मध्ये कृत्रिम माणसांवर नाटक लिहीत होता. या मंडळींना म्हणायचं काय ते सुचेना म्हणून भावाकडे गेला. भाऊ योसेफ चित्रकार. तो चित्रात गढलेला, तोंडात ब्रश धरलेला. त्याने मान वर न करता, ब्रशमधूनच पुटपुटल्यागत सांगितलं, "रोबो म्हण त्यांना." कारेलनेच हे पुढे लिहून ठेवलं आहे. काम करणाऱ्या चित्रकाराला मध्येच जाऊन काही विचारलं, की तो तोंडाला येईल ते सांगतो. या वेळी ते जगभर चाललं.

दुसरा शोध लागला तो जॅकार्डचा. भिवंडीच्या माणसाला जॅकार्ड म्हणजे साडीच्या काठाची नक्षी. पण हा जोसेफ-मारी जॅकार्ड खरोखरचा फ्रेंच माणूस होता. १८०४च्या सुमारास त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने माग चालवला. भोक असेल तिथे ताण्याची तार उचलायची, नसेल तिथे नाही. कॉम्प्युटरचे पूर्वज शोधायला निघालेले लोक याच मागापाशी येऊन थांबतात. १८३९मध्ये लिऑनच्या विणकरांनी याच पद्धतीने रेशमात खुद्द जॅकार्डचं व्यक्तिचित्र विणलं. त्याला चोवीस हजार पुठ्ठे लागले. गणकयंत्राचा ध्यास घेतलेल्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून घरात लावली होती आणि पाहुण्यांना ते कोरीव छापाचं चित्र वाटायचं. हे वाचलं त्या रात्री मी घरी येऊन बाबांना सांगितलं, "बाबा, कॉम्प्युटर मागातून निघालाय." बाबा म्हणाले, "मग त्याचीही तार तुटत असेल."

वारली चित्रांकडे मात्र मला कोणी पाठवलं नाही, ती आमच्याच तालुक्याच्या पाड्यांतून घराच्या भिंतींवर होती. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे डहाणूकडचे. लहानपणी आई गेल्यावर ते काही वर्षं बोललेच नाहीत, काय हवं ते मातीत रेघोट्या ओढून सांगायचे. त्या रेघोट्या जगभर फिरल्या आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर एक ठिपका, चार काड्या. झाला माणूस. आणि तो काटकोनात हलत असूनही नाचतो, दारू पितो, भाताची लावणी करतो. सरांना हे तेव्हाच दाखवता आलं असतं तर माझी ए ग्रेड कुठे गेली नव्हती. प्रभाकर बरवे मला आणखी जवळचे वाटले, कारण या माणसाने विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केली. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, टाचणी अशा वस्तू एकमेकींशी न बोलता आपापल्या जागी थांबलेल्या असतात. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'कोरा कॅनव्हास'. आता कोरं कापड ही तर आमची खासियत. भिवंडी देशाला तेच पुरवते. त्यावर पुढे काय करायचं ते ज्याने त्याने बघावं.

माझे रोबो काम करत नाहीत. लोकांना हेच पटत नाही. माझा एक रोबो ओट्यावर बसून पायाला तेल चोळतोय. एक दुपारी पंख्याखाली आडवा पडलाय, वर्तमानपत्र तोंडावर. एकजण तलावाच्या काठाला बसलाय, पाय पाण्याच्या वर. अमेरिकेत एरिक जॉयनर नावाचे चित्रकार आहेत, तेही जपानी पत्र्याच्या खेळण्यांतले रोबो काढतात आणि रोबोंना तोडीचा प्रतिस्पर्धी हवा म्हणून त्यांच्यासमोर डोनट आणून ठेवतात. हे कळल्यावर मित्रांनी माझ्यावर नकलेचा आळ घेतला. मी माझ्या रोबोच्या हातात खारी दिली. डोनट मऊ असतो, त्याच्याशी लढता येतं. खारीपुढे कोणाचं चालत नाही. चहात बुडवली की अर्धी आत, अर्धी सांध्यात. त्या चित्रात रोबोने मनगट उघडून ठेवलंय आणि दाढीच्या ब्रशाने तो कण झाडतोय. ते चित्र लगेच विकलं गेलं. बेकरीवाल्याने घेतलं.

परदेशात या क्षेत्रात थोर कामं झाली आहेत. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९६४मध्ये के-४५६ नावाचा रोबो बनवला. तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालायचा, भाषण करायचा आणि चालता चालता मागून घेवड्याचे दाणे टाकायचा. १९८२मध्ये एका म्युझियमबाहेर त्याला मोटारीने उडवलं. हा अपघात पाइकनेच घडवून आणला होता आणि त्याला एकविसाव्या शतकातला पहिला अपघात असं नावही दिलं होतं. आम्हाला असलं काही करून दाखवावं लागत नाही. कल्याण नाक्यावर रोबो उभा करा, पुढचं आपोआप होईल.

माझं प्रदर्शन एकदा भिवंडीतच, एका मंगल कार्यालयात भरवलं. मुंबईच्या गॅलऱ्यांत आपला नंबर लागेपर्यंत रोबोसुद्धा गंजतो. कॅनव्हास म्हणून मी जाड कोरं कापडच वापरलं होतं, फेविकॉल आणि व्हायटिंगचे दोन हात मारून. उद्घाटनाला एक कारखानदार शेठ आले. पहिल्या चित्रापुढे ते इतका वेळ थांबले की माझा ऊर भरून आला. मग त्यांनी फ्रेमच्या मागून कापडाची कड बाहेर ओढली, दोन बोटांत चोळली आणि खिशातून सूत मोजायचं भिंग काढलं.

"रीड-पिक काय आहे?"

मी म्हटलं, "शेठ, पुढून बघा ना."

त्यांनी पुढून पाहिलं. पुन्हा मागून पाहिलं. "माल चांगला होता," असं हळहळत म्हणाले आणि दुसऱ्या चित्राच्या मागे गेले. सगळी चित्रं त्यांनी पाठीमागून पाहिली. निघताना सांगून गेले, की पाचव्या नंबरच्या चित्रात बाण्याला गोम आहे, बाकी सगळं फर्स्ट क्लास.

संध्याकाळी पद्मानगरकडचे एक जुने जॉबर आले. निवृत्त, पण बोटांत ग्रीस अजून. पंख्याखाली आडव्या पडलेल्या रोबोपुढे ते उभे राहिले, वाकून त्याच्या गुडघ्याच्या सांध्याकडे पाहिलं, मान हलवली.

"बंद क्यूं पडा है?"

"बंद नहीं है, चाचा. बैठा है."

"बैठा है?" त्यांनी परत पाहिलं. "कौनसी पाली में?"

"सुट्टी है."

चाचा हसले. एवढं हसले की त्यांना दम लागला. मी खुर्ची दिली. ते बसले आणि त्याच चित्राकडे बघत बसून राहिले. "पैर जरा और फैलाने दो उसको," असं जाताना म्हणाले. माझ्या चित्रांवर आजवर जेवढी समीक्षा झाली, तीत ही एकच मी अमलात आणली. घरी गेल्यावर पाय वाढवले.

आता भिवंडीत खरे रोबो यायचे दिवस आहेत. मुंबईच्या तेव्हाच्या जकातीच्या हद्दीबाहेर, बंदर जवळ, महामार्ग दाराशी, म्हणून माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ या गावांच्या शेतांत गोदामं उठली. तुम्ही फोनवर रात्री दोन वाजता मागवलेला गॅस लायटर बहुधा आमच्याकडूनच निघतो. माझा भाचा अशाच एका गोदामात आहे. त्याच्या हातात एक स्कॅनर असतो. स्कॅनर सांगतो अमुक रॅक, की हा जातो. स्कॅनर म्हणतो तमुक खण, की हा हात घालतो. उशीर झाला तर स्कॅनर चिडतो. "मामा, दिवसभर बोलतो कोणाशी माहितेय? स्कॅनरशी." मी त्याला बाबांची जुनी व्याख्या सांगितली, पगार ज्याला मिळतो तो माणूस. तो म्हणाला, "मामा, पगार कंत्राटदाराला मिळतो."

गोदामांतले रोबो चित्रात तरी पाहावेत म्हणून मी शोधले आणि माझा पुरता हिरमोड झाला. अ‍ॅमेझॉनने २०१२मध्ये ज्या कंपनीचे रोबो तिच्यासकट साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरना विकत घेतले, ते दिसायला कसे, तर जमिनीलगत सरपटणारे बुटके चौकोन. रॅकखाली शिरतात, अख्खा रॅक उचलतात आणि माणसापुढे आणून ठेवतात. डोकं नाही. हात नाहीत. डोळे लावायला टिकलीपुरती जागा नाही. फेटा बांधायचा कुठे? शंभर वर्षं आम्ही चित्रकारांनी त्यांना खांदे दिले, छाती दिली, प्रेमात पाडलं, राक्षसांशी लढवलं. आणि हे आले ते असे. चित्रकार म्हणून सांगतो, यांच्यात काढण्याजोगं काही नाही. रॅकपुढे उभा असलेला भाचा मात्र मला काढता येतो. हात काटकोनात, ते मला लहानपणापासून येतं.

त्यातच आता रोबो स्वतः चित्रं काढायला लागले आहेत. ब्रिटनमध्ये २०१९ साली आयडा नावाची रोबो-चित्रकर्ती तयार झाली. तिने अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाचं चित्र केलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ते लिलावात साडेदहा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. म्हणजे माणसाने काढलेल्या रोबोला बेकरीवाल्याशिवाय गिऱ्हाईक नाही आणि रोबोने काढलेल्या माणसाला कोट्यवधी रुपये. मी आयडाला दोष देत नाही. इंटरमीजिएटच्या स्मरणचित्राला बसली असती तर तिला डोळे मिटून ए ग्रेड मिळाली असती. चार विषय पाठ, सगळं नेमकं जागच्या जागी, आणि शेड काढायची बुद्धी व्हायला कधी डबा घेऊन गेलेलीच नाही.

आमच्याकडचे जुने माग अलीकडे भंगारात किलोवर चालले आहेत. नवे आले त्यांना धोटा नसतो, आणि जिथे नवेही आले नाहीत तिथे शेड पाडून गोदाम उभं राहतं. मागाच्या लोखंडाला भाव आहे. लाकडी धोट्याला आणि कांडीला नाही, त्या सरपणात जातात. तेव्हा एक विनंती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कुठल्याही लूमच्या गावचे असाल आणि तुमच्या माळ्यावर एखादा जुना धोटा पडलेला असेल, तर तो जाळू नका. चकचकीत पितळी हरणाशेजारी शोकेसमध्येही ठेवू नका. जवळच्या शाळेत ड्रॉइंगच्या सरांना किंवा बाईंना नेऊन द्या. धोट्याच्या दोन्ही टोकांना धातूची टोपी असते, तिच्यावर उजेड फार छान पडतो. वस्तुचित्राला दरवर्षी तोच तांब्या आणि तीच दोन वांगी मांडून तेही बिचारे कंटाळले आहेत.